रुसायची पायरी

मोठीमायला शहाणी मुलं आवडत नसत. पाहुणे आले, एखाद्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून "किती शहाणी आहे हो ही" म्हणाले, की तिच्या कपाळाला आठी पडायची. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की ती त्या मुलीला जवळ बोलवायची, हनुवटी धरून तोंड वर करायची आणि विचारायची, "काय झालं वो तुले? कावून एवढी शहाणी होऊन राहिली?" घरोघरच्या आया तापानं फणफणलेल्या पोराला विचारतात, तसं.

अमरावतीच्या आमच्या बालगृहात ती काळजीवाहक होती. मुलींचं बालगृह, शहराच्या कडेला, पुढे फाटक आणि मागे कडुनिंब. ती मूळची अचलपूरकडची, माळ्याची लेक. ठेंगणी, पदर कमरेला खोचलेला, गुडघे कायम दुखणारे आणि आवाज असा की तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली तर रस्त्यावरचा ऑटोवाला थांबायचा. आमच्या वऱ्हाडात बापाच्या थोरल्या भावाची बायको म्हणजे मोठीमाय. हे नाव तिनं स्वतःच घेतलं होतं. नवी मुलगी आली आणि चुकून 'आई' म्हणाली, की ती लगेच थांबवायची. "मले आई नको म्हणू. तुह्यी आई कुठी ना कुठी अशीन, नाई तं होती. तिची जागा मी नाई घेत. मी तिच्याहून मोठी, एवढंच."

मी त्याच बालगृहात वाढले. बी.ए. केलं, मग समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली. सत्कारात लोक 'घराण्यातली पहिली पदवीधर' म्हणतात तेव्हा मला हसू येतं. माझ्या घराण्यात पहिली, शेवटची आणि मधली, सगळी मीच आहे. पण पदवी माझी आहे, कोणी दिलेली नाही, आणि ते सांगायला मी लाजत नाही. आता अकोल्याला मुलींच्या एका गृहात काम करते. तिथे संध्याकाळी पाय ओढत खोलीवर येताना मोठीमायची आठवण येते. ती कशी पुरली असेल इतकी वर्षं, असा प्रश्न पडतो.

ज्यांनी बालगृह आतून पाहिलेलं नाही, त्यांना वाटतं की तिथे पोरी सारख्या रडत असतील. नाही रडत. आम्ही फार व्यवस्थित होतो. कोणाचा तरी वाढदिवस असायचा, आमचा नव्हे, पाहुण्यांचा. ते केक आणायचे, कधी वरण-रोडग्यांची पंगत द्यायचे, आणि आम्ही रांगेत बसून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायचो. "मजेत आहात ना?" "हो." "काही हवं का?" "नाही." असं एका सुरात. आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं. ज्याचं कोणी नाही, त्याला आपोआप कळतं की उत्तर काय द्यायचं असतं. जेवायची घंटा झाली की जेवायचं, झोपायची झाली की झोपायचं. लोक म्हणायचे, शिस्त काय आहे.

मोठीमायला त्या शिस्तीत भलतंच काहीतरी दिसायचं. ती म्हणायची, "घरचं पोट्टं रुसते. जावई रुसते, व्याही रुसते, अरे, पोळ्याले बैलाच्या झुलीवरून माणूस रुसते. आन् ह्या पोरी काहीच रुसत नाई, हे काय चांगलं हाय का?" आणि मग तिचं ते नेहमीचं वाक्य, जे मी आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगते: "रुसाले बी कोणी लागते बाप्पा. मनवाले कोणी येईन, अशी खात्री पाह्यजे. नाई तं माणूस उगा भिंतीकडे तोंड करून कायले बसन?"

म्हणून तिनं मागच्या दारी एक पायरी ठरवली होती. कडुनिंबाखाली, धुणं धुवायच्या दगडाशेजारी. ती रुसायची पायरी. ज्या मुलीला रुसायचं असेल तिनं तिथे जाऊन बसायचं. तिथे बसलेल्या मुलीला कोणी "नाटकं करते" म्हणायचं नाही, हा कायदा. तिला मनवायला कोणीतरी गेलंच पाहिजे, हा दुसरा. आणि ती जेवायला उठली नाही तर तिचं ताट वाढून, वर दुसरं ताट पालथं घालून, चुलीच्या कडेला ठेवायचं. शेवटी गॅस आला तरी ती त्या कोपऱ्याला चूलच म्हणायची.

तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. प्रत्येक घरात कोणाचं ना कोणाचं ताट झाकलेलं असतं. पण बालगृहात झाकलेलं ताट म्हणजे फार मोठी गोष्ट. तिथे जेवणाची वेळ म्हणजे वेळ. त्यानंतर भांडी घासली जातात, स्वयंपाकघराला कुलूप लागतं. आमच्या अधीक्षक मॅडम माणूस म्हणून वाईट नव्हत्या, पण तपासणी त्यांच्या डोक्यावर असायची. त्या म्हणायच्या, "मावशी, उघडं-झाकलं अन्न ठेवू नका. उद्या एखादीचं पोट बिघडलं तर उत्तर मला द्यावं लागतं."

"पोट बिघडलं तं दवाखाना हाय, मॅडम," मोठीमाय म्हणायची. "ताट नाई ठेवलं तं पोरीले समजते, की आपण नसलो तरी पंगत उठते. त्याले कोणता दवाखाना?"

मॅडम कपाळ चोळत आत जायच्या. ताट राहायचं. दोघींनी कधी भांडण टोकाला नेलं नाही. दोघीही थकलेल्या असायच्या.

मोठीमायचा कारभार नेहमीच नीट चालायचा, असं मात्र नाही. एकदा कोणीतरी खायला गिलावडे आणले, ते कमी पडले, आणि बघता बघता पायरीवर बसायला जागा उरली नाही. मोठ्या मुली रुसल्या, त्यांचं पाहून धाकट्या रुसल्या. काही तर फक्त मनवून घ्यायला बसल्या होत्या, तोंड दाबून हसत होत्या. मोठीमाय एकेकीला उठवायची, ती उठेपर्यंत दुसरी बसायची. शेवटी तिनं हातातला झारा धुण्याच्या दगडावर ठेवला आणि स्वतःच पायरीच्या शेवटच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसली. "बसा आता. मी बी रुसली. मनवा मले." आम्ही तिला पाणी दिलं, पाय दाबून दिले, गाणं म्हटलं. ती ढिम्म. एका चिमुरडीनं आपल्या अर्ध्या गिलावड्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला तेव्हा ती उठली. तो तुकडा तिनं खाल्ला मात्र, परत नाही दिला. "मनवाले आणलेली चीज वापस करत नसते," म्हणाली.

मी त्या पायरीवर कधीच बसले नाही. मी वर्गात पहिली यायची, धाकट्यांच्या वेण्या घालायची, मला सगळं जमायचं. मोठीमाय मला मने म्हणायची. "मने, तू कधी रुसशीन वो?" मी म्हणायची, "मला कशाला रुसायचंय? मला चालतं सगळं." ती माझ्याकडे बघत राहायची आणि मटकी निवडायला लागायची. तेव्हा मला वाटायचं, हिला माझं कौतुक करता येत नाही.

रेणू आली तेव्हा मी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि क्षेत्रकार्यासाठी मुद्दाम त्याच बालगृहात जात होते; पदवी झाल्यावरही तिथलं जाणं सुरूच ठेवलं. रेणू सहा-सात वर्षांची, केस बारीक कापलेले, डोळे मोठे. मी माझ्या आयुष्यात इतकं शहाणं मूल पाहिलेलं नाही. स्वतःचं ताट धुवायची, शेजारणीचंही धुवायची. कोणी सांगितलं नाही तरी चादरींच्या घड्या घालायची. "भाजी कोणती वाढू?" "कोणतीबी चालते." "खिडकीपाशी झोपतं का दारापाशी?" "कुठीबी चालते." पाहुण्यांच्या फोटोत ती हमखास पुढे असायची, कारण ती हलायची नाही.

मोठीमाय तिला पाहून अस्वस्थ व्हायची. "हे पोरगी पाहुणी हाय, मने. पाहुण्यासारखी राहून राहिली. कोणी 'जा' म्हणीन म्हणून पायात चपला घालूनच बसेल हाय."

तिनं रेणूला रुसवायचे नाना प्रयत्न केले. मुद्दाम तिची रिबीन दुसरीला दिली. मुद्दाम भाकर कमी वाढली. त्या दिवाळीत तर तिनं हद्दच केली. रेणूच्या नावाचा पिवळा फ्रॉक आला होता. पोरीनं तो अंगाला लावून पाहिला होता, मी स्वतः बघितलं होतं. मोठीमायनं तो तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या मुलीला घातला आणि रेणूकडे बघत उभी राहिली. रेणूनं त्या मुलीच्या पाठीची बटणं लावून दिली. मग ती म्हणाली, "चालते."

मोठीमाय आत जाऊन कणगीला टेकून बसली. आमच्याकडे महिन्यातून एकदा समुपदेशक ताई यायच्या. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी तिला शांतपणे सांगितलं, की ज्या लेकराचं सगळं गेलंय, त्याचं आणखी काही काढून घेऊन ते रागावणार नाही, ते आणखी आत जाईल. मोठीमायनं ऐकून घेतलं. "खरं हाय ताई. म्या वाईट केलं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून पिवळं कापड आणून मशीनवर फ्रॉक शिवून घेतला. रेणूनं तो घातला, आणि 'थँक्यू' म्हणाली. ते थँक्यू मोठीमायला फार लागलं. त्यानंतर तिनं रेणूला रुसवायचा नाद सोडला. फक्त रोज तिच्याशेजारी जेवायला बसायची.

पुढच्या उन्हाळ्यात रेणूला दत्तक घ्यायला एक जोडपं पुढे आलं. बार्शीटाकळीकडचे, वांगी, मेथी आणि झेंडू लावणारे. शोभाताई आणि दादाराव. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. सगळ्या चौकशा झाल्या, समितीची परवानगी आली. शेवटचा आदेश होण्याआधी मूल काही महिने त्या घरी राहतं, तशी ती गेली. जाताना शोभाताई सारखी म्हणत होती, "किती शहाणी हाय वो. काहीच त्रास नाई द्यायची."

मोठीमाय तिला फाटकापर्यंत पोचवायला गेली आणि म्हणाली, "बाई, हे एखाद्या दिवशी लय रुसन. घाबरजा नोका."

शोभाताई हसली. "हे? हे कायले रुसन?"

पावसाळा संपत आला तेव्हा ते तिघं परत आले. बार्शीटाकळीहून अकोला, अकोल्याहून अमरावती, एसटीनं. दादारावाच्या एका हातात रेणूच्या कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात वांग्यांची मोठी थैली. मूल परत करायला आले होते, तरी रिकाम्या हाताने आले नव्हते. आमच्याकडचे लोक असे आहेत. त्या वांग्यांकडे बघून मला राग यावा की रडू, ते कळेना. मोठीमायनं थैली घेतली, आत नेली आणि दुपारच्या भरतासाठी वांगी भाजायला टाकली.

ऑफिसात शोभाताई बोलत होती, दादाराव बाहेर फाटकाशी उभा होता. पहिला महिना सोन्यासारखा गेला, ती म्हणाली. पोरगी अंगण झाडायची, फुलं वेचायची. मग एक दिवस वांग्याच्या भाजीवरून ताट ढकललं. मग झेंडूच्या ओळीतल्या कळ्या तोडून टाकल्या. हाक मारली तर ओ देत नाही. गोठ्यात जाऊन बसते, भिंतीकडे तोंड करून, तासन् तास.

"मॅडम, मले वाटते आमीच कमी पडलो. पोरगी आमच्या घरी खुश नाई. इथे कशी हासत होती. जबरदस्तीनं कायले ठेवा लेकराले?"

मॅडमनी समजावून पाहिलं. शोभाताई मान हलवत राहिली. ती रागावलेली नव्हती, फक्त दमली होती. शेवटी मॅडम म्हणाल्या, "जेवून घ्या. मग लिहून द्या काय ते." मीही तिथेच होते. माझ्याकडे पुस्तकात वाचलेलं पुष्कळ होतं आणि त्यातलं बरंचसं मी शोभाताईला सांगितलंही. ती "हो ना ताई" म्हणाली आणि डोळे पुसले.

मोठीमायनं दारातूनच विचारलं, "गोठ्यात बसते तवा तुमी काय करता?"

"काय करणार? सोडून देतो. आपल्या मनानं येईन म्हणतो."

"येते का?"

"नाई. झोपूनच जाते तिथे. हे उचलून आणतात."

"आन् ताट?"

"गायीले टाकतो. थंड झालेलं कोण खाते?"

मोठीमाय वळली आणि पंगतीची तयारी करायला गेली.

रेणू त्या दोन तासांत पुन्हा आमच्यातली झाली होती. आल्याबरोबर तिनं चपला जागेवर ठेवल्या, धाकट्यांच्या चादरींच्या घड्या घातल्या. मी तिला विचारलं, "रेणू, इथे राहशील का परत?" तिनं माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "चालते."

पंगत बसली. मोठीमायनं शोभाताईला रेणूच्या समोर बसवलं. भाकर, वरण, आणि त्यांच्याच वावरातल्या वांग्यांचं भरीत. रेणूच्या ताटात भरीत वाढलं गेलं. ती मान खाली घालून खायला लागली. एक घास, दुसरा घास. शोभाताईचा हात आपल्या ताटात तसाच राहिला.

"तू तं वांग्याले हात बी नाई लावत," ती म्हणाली.

"चालते," रेणू म्हणाली, आणि तिसरा घास घेतला.

शोभाताई तिच्याकडे बघत राहिली. बहुधा त्या वेळी तिला कळलं असावं. ज्या घरी ही ताट ढकलते आणि ज्या घरी ही नको ते मुकाट गिळते, त्यातलं हिचं घर कोणतं. मी हे आज लिहिते आहे म्हणून इतकं स्पष्ट लिहिते. तेव्हा शोभाताईनं फक्त हात पुढे केला आणि रेणूच्या ताटातलं भरीत बोटांनी गोळा करून आपल्या ताटात ओढलं.

"नको खाऊ. नाई आवडत तं नको खाऊ."

रेणूनं मान वर केली. तिचे कान लाल झाले होते. आमच्या बालगृहात त्या मुलीचा चढलेला आवाज कोणी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला.

"मले सोडून द्यालेच आल्या न तुमी? मंग माह्या ताटात कायले पाहता?"

ती उठली, ताट तसंच टाकून, उष्ट्या हातानं मागच्या दारी गेली आणि पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसली. त्या पायरीवर ती पहिल्यांदा बसत होती.

मी उठायला लागले. मोठीमायनं माझं मनगट धरलं. तिचा हात पिठाचा होता. "तू नाई, मने. बस खाली."

मग ती शोभाताईकडे वळली. "बाई, तिथे आमी कोणी नाई जात. तुह्यावर रुसली ते. आमच्यावर कधीच नाई रुसली. वर्सभर म्या वाट पाह्यली."

शोभाताई हात न धुताच उठली. मोठीमायनं दोन्ही ताटं उचलली, रेणूचं आणि शोभाताईचं, त्यांच्यावर दोन ताटं पालथी घातली आणि कोपऱ्यात ठेवली. मुली माना वळवून वळवून बघत होत्या. "जेवा गुमान," मोठीमाय म्हणाली. स्वतः मात्र दाराच्या आड जाऊन उभी राहिली. मीही.

शोभाताई तिच्यापासून हातभर अंतरावर पायरीवर बसली. मग शोभाताईचा आवाज. "जेव न वो." रेणू आणखी भिंतीकडे सरकली. "वांगे नाई करत उद्या." काही नाही. "परवा बी नाई करत."

खूप वेळानं भिंतीकडून उत्तर आलं. "तुमच्या वावरात तं वांगेच हाय."

शोभाताईला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात ती रडायला लागली. रेणूनं मान थोडीशी वळवली, बघायला, की हे काय चाललंय. मोठीमायनं मला दारातून मागे ओढलं. "चाल आता. पुढचं त्याइचं त्याइले पाहू दे."

त्या दोघींनी झाकलेली ताटं उघडून, गार झालेली भाकर वरणात कुस्करून खाल्ली. दादारावाला कोणीतरी फाटकावरून आत बोलावलं. मॅडमनी पुढे केलेला कागद तसाच राहिला. संध्याकाळच्या गाडीनं तिघं गेले. आम्हाला वाटलं, मोठीमाय आनंदानं काही म्हणेल. ती गुडघा चोळत म्हणाली, "आज गेले. अजून लय डाव रुसन ते. अजून एखाद्या डाव वापस आणतीन. त्याइच्या गावाले कोण दारात उभं राहीन?" शोभाताईला तिनं आपला फोन नंबर दिला होता. नंतर पुष्कळदा त्या नंबरावर फोन आले. पण परत कोणी आलं नाही, आणि आदेश झाला.

त्याच हिवाळ्यात मोठीमाय निवृत्त झाली. निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. मला वाटलं होतं, मुली रडतील. त्यातल्या निम्म्या मागच्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. मोठीमाय शाल तशीच खांद्यावर घेऊन मागे गेली. एकेकीला मनवता मनवता तिची अचलपूरची गाडी गेली, नंतरचीही गेली. मी भाषण केलं होतं, हार घातला होता, ऑटो बोलावून आणला होता. ऑटोत बसताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "तुले शिकवाचं राहून गेलं माह्यं." मी म्हणाले, "मोठीमाय, मी दोन पदव्या घेतल्या." ती म्हणाली, "हो वो. लय शहाणी तू."

आता अकोल्यात माझ्या गृहातही एक पायरी आहे. ताटही झाकून ठेवते, लेखी परवानगी काढून. पण दमायला होतं. मुली येतात, शहाण्या असतात, महिनोन् महिने शहाण्याच राहतात. एखादी रुसायला शिकते तोवर तिची बदली दुसऱ्या गृहात होते, नाहीतर ती अठराची होते आणि तिला जावं लागतं. तपासण्या असतात, पाहुण्यांचे वाढदिवस असतात. मोठीमाय आता अचलपूरला भाच्याच्या घरी राहायची; रविवारी तिचा फोन यायचा, "कवा येतं?" मी म्हणायची, "येते पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी काहीतरी निघायचंच. तिनं कधी तक्रार केली नाही. मग तिचे फोन थांबले. मी केले तर भाचसून उचलायची आणि म्हणायची, "झोपल्या आहेत."

एके दिवशी सुट्टी टाकली आणि सकाळच्या गाडीनं अचलपूर गाठलं. मोठीमाय ओट्यावर होती, भिंतीकडे तोंड करून. मी हाक मारली. ती हलली नाही. मला वाटलं, ऐकू येत नाही, नाहीतर ओळखत नाही. भाचसून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "ऐकू येते सगळं. तुमच्यावर रुसल्या आहेत. तुमी येतो म्हणता न, तर दर रविवारी तुमचं ताट वाढून झाकून ठेवतात. संध्याकाळपर्यंत कोणाले हात लावू देत नाही. मागच्या रविवारपासून आमच्याशी बी बोलणं सोडलं."

मी तिथे उभी राहिले. शेकडो मुलींची समजूत काढलेली बाई मी. काय बोलायचं असतं ते मला पाठ आहे. त्यातलं काहीच आठवेना. आख्ख्या जगात माझ्यावर रुसलेलं एक माणूस आहे, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मी तिच्या शेजारी बसले. म्हणाले, "मोठीमाय, चल जेवायला."

"तू जेव," ती भिंतीला म्हणाली. "तुले काय, तुले सगळंच चालते."

"नाही चालत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "तू अशी तोंड फिरवून बसलेली मले नाही चालत. फोन नाही उचललेला नाही चालत. तू मला सोडून गाडीत बसून निघून गेलीस, तेही नव्हतं चाललं."

मी उठले आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, तिच्याकडे पाठ करून बसले. थोड्या वेळानं तिच्या बांगड्यांचा आवाज झाला. दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत ती उठत होती, आणि आत भाचसुनेला सांगत होती, "सूनबाई, दोन ताटं वाढून झाकून ठेव वो. आमाले वेळ लागन."